लाल सफरचंदाची गोडी

गणपतीचे दिवस जवळ आले की बाजारातल्या फळांच्या गाड्यांचा रंग पालटू लागतो. आंबा तर केव्हाच निरोप घेऊन गेलेला असतो. त्याच्या जागी हिमाचलातून आणि मागाहून काश्मीरमधून आलेल्या सफरचंदांच्या पेट्या फुटू लागतात.

समजा, आईने तुम्हाला एक किलो सफरचंदे आणायला पाठवले आहे. गाडीवर दोन ढीग आहेत. एका ढिगातली फळे गडद लाल आणि तकतकीत, चित्रातल्यासारखी. दुसऱ्या ढिगातली थोडी फिकट, पिवळसर सालीवर कुंचल्याने तांबडे पट्टे ओढावेत तशी. भाव एकच. तुम्ही कोणती घ्याल?

बहुतेक जण गडद लाल ढिगाकडे हात नेतील. पण घरी येऊन फळ कापले, फोड तोंडात टाकली की कधी कधी निराशा होते. फोड कुरकुरीत लागत नाही. ती पिठूळ असते, रस सुटत नाही, गोडी असते पण स्वाद नसतो. मग प्रश्न पडतो, की दिसायला इतके देखणे फळ चवीला असे का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला दीडशे वर्षे मागे, अमेरिकेतल्या एका शेतावर जावे लागेल. कारण ज्या लाल, उंचट, बुडाशी पाच उंचवटे असलेल्या गोड सफरचंदाला आपण ‘डेलिशियस’ म्हणतो, त्याची कथा तिथे सुरू होते.

दोनदा छाटलेले रोप

अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. तिथल्या पेरू नावाच्या गावाजवळ जेसी हायट हा शेतकरी राहत असे. त्याची सफरचंदाची बाग होती आणि झाडे अगदी ओळीत लावलेली होती. १८७० नंतरच्या दशकात केव्हातरी त्या ओळींच्या मध्येच एक रोप आपोआप उगवले. ओळ मोडणारे रोप म्हणून हायटने ते छाटून टाकले. पुढच्या वर्षी ते पुन्हा फुटले. त्याने पुन्हा छाटले. ते पुन्हा वर आले. शेवटी त्याच्या चिवटपणाला दाद देऊन हायटने ते वाढू दिले, असे सांगतात.

काही वर्षांनी झाडाला फळे धरली. ती आकाराने उंचट होती आणि पिवळसर सालीवर लाल पट्टे होते. वास मधुर आणि चव तर फारच गोड. हायटने या फळाला ‘हॉकआय’ असे नाव दिले. आयोवा राज्याचे हे टोपणनाव आहे.

त्या काळी अमेरिकेच्या बाजारात ‘बेन डेव्हिस’ नावाचे सफरचंद फार चाले. ते लाल होते, प्रवासात टिकत असे, पण चवीला यथातथाच होते. मिसुरी राज्यातल्या लुइझियाना या गावी स्टार्क बंधूंची मोठी रोपवाटिका होती. बेन डेव्हिसला पर्याय शोधावा म्हणून त्यांनी १८९३ साली फळांची स्पर्धा भरवली. हायटने आपल्या झाडाची चार फळे तिकडे पाठवून दिली. क्लॅरेन्स स्टार्क यांनी एक फळ चाखले आणि ते खूश झाले. पण गंमत अशी, की फळे पाठवणाऱ्याचे नाव-गावच गर्दीत हरवले होते! सुदैवाने हायटने पुढच्या वर्षी पुन्हा फळे पाठवली आणि पत्ता लागला. १८९४ साली स्टार्क यांनी त्या झाडाचे हक्क विकत घेतले आणि फळाचे नाव ठेवले ‘डेलिशियस’, म्हणजे स्वादिष्ट.

हे नाव नीट लक्षात ठेवा. या फळाची निवड झाली ती जिभेने, डोळ्यांनी नव्हे.

बी पेरले तर काय उगवेल?

आता एक साधा प्रश्न. स्टार्क यांनी हायटकडून बिया घेऊन त्या पेरल्या असत्या तर? डेलिशियसची झाडे मिळाली असती का?

मुळीच नाही. हापूस आंब्याची कोय पुरली तर हापूसच येईल याची खात्री नसते, हे कोकणातल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. सफरचंदाचेही तसेच आहे. त्याचे फूल आपल्याच झाडाचा पराग सहसा स्वीकारत नाही. दुसऱ्या जातीच्या झाडावरून मधमाशीने आणलेला पराग मिळाला तरच फळ नीट धरते. त्यामुळे प्रत्येक बीमध्ये आईचे काही आणि बापाचे काही गुण मिसळतात आणि प्रत्येक बीपासून वेगळेच झाड तयार होते. बहुतेकांची फळे लहान, आंबट किंवा तुरट निघतात. हायटच्या बागेत उगवलेले रोप ही लाखातली एखादी सोडत होती.

म्हणून सफरचंदाची लागवड कलमाने करतात. हव्या त्या झाडाची डोळे असलेली काडी घ्यायची आणि दुसऱ्या सफरचंदाच्या रोपाच्या खुंटावर ती बांधायची. काही आठवड्यांत दोघांच्या साली एकजीव होतात. मुळे खुंटाची, पण वरची फांदी, फुले आणि फळे मूळ झाडाची.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जगात जिथे जिथे डेलिशियसचे झाड आहे, तिथे ते आयोवातल्या त्या दोनदा छाटलेल्या रोपाचीच फांदी आहे. पिढ्या बदलल्या नाहीत, झाड एकच आहे. फक्त त्याच्या फांद्या पृथ्वीभर पसरल्या आहेत. मूळ झाड १९४० सालच्या कडाक्याच्या थंडीत मेले, तरी त्याच्या बुंध्यातून पुन्हा फुटवा आला. चिवटपणा त्याने शेवटपर्यंत सोडला नाही!

आता तुम्हाला एक कोडे सोडवता येईल. एखाद्या शेतकऱ्याने बागेत फक्त डेलिशियसची पाचशे झाडे लावली, तर फळे का धरत नाहीत? पाचशे झाडे असली तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते एकच झाड आहे. शेजाऱ्याचा पराग हा त्याचा स्वतःचाच पराग ठरतो. म्हणून बागाइतदार मधूनमधून ‘गोल्डन डेलिशियस’सारख्या दुसऱ्या जातीची झाडे लावतात आणि फुलोऱ्याच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून बागेत ठेवतात.

हे गोल्डन डेलिशियस म्हणजे डेलिशियसचे सख्खे भावंड नव्हे बरे का! ते पिवळे सफरचंद वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगराळ भागात सापडले. १९१४ साली स्टार्क यांनी ते विकत घेतले आणि तेच लोकप्रिय नाव त्यालाही जोडून दिले. नाते फक्त नावाचे. पण त्यामुळे पहिल्या फळाला ‘रेड डेलिशियस’ म्हणणे भाग पडले.

एक लाल फांदी

इथवर सारे ठीक चालले होते. मग १९२३ साली न्यू जर्सी राज्यातल्या एका बागेत एक नवल घडले. डेलिशियसच्या एका झाडावर एकच फांदी अशी निघाली, की तिची फळे बाकीच्या फळांच्या आधीच लाल होत होती. तीही पट्ट्यापट्ट्यांनी नव्हे, तर सर्वांगाने गडद लाल.

असे का झाले? झाड वाढते ते पेशींचे विभाजन होऊन. विभाजनाच्या वेळी पेशीतल्या आनुवंशिक द्रव्याची नक्कल होते. ती नक्कल करताना क्वचित चूक होते. अशी चूक डोळ्यातल्या, म्हणजे फांदी फुटते त्या कोंबातल्या, पेशीत झाली तर त्यातून वाढणारी सारी फांदी वेगळी होते. याला उत्परिवर्तन म्हणतात. या फांदीत बदलले होते ते सालीतले रंगद्रव्य तयार होण्याचे काम.

स्टार्क यांनी ती फांदी ६,००० डॉलर देऊन विकत घेतली. एका फांदीला त्या काळी सहा हजार डॉलर! तिची कलमे ‘स्टार्किंग’ नावाने जगभर गेली. मग बागाबागांतून अशा लाल फांद्यांचा शोधच सुरू झाला. जो तो अधिक लाल आणि आणखी लवकर लाल होणारी फांदी शोधू लागला. १९५० नंतर ओरेगॉनमधल्या एका बागेतून ‘स्टार्क्रिम्सन’ आले. त्याचे झाड बुटके आणि फळ अधिकच गडद. एकामागून एक लाल उपजाती निघत राहिल्या.

यात चुकले काय? इथे थोडे थांबून विचार करा.

मूळच्या डेलिशियसमध्ये लाल रंग ही एक खूण होती. सफरचंदाच्या सालीतला लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. जांभळाच्या आणि लाल कोबीच्या रंगामागेही याच वर्गातली द्रव्ये आहेत. सफरचंदात ती तयार व्हायला ऊन लागते, गार रात्री लागतात आणि फळ पक्वतेकडे झुकलेले असावे लागते. म्हणून पूर्वी फळ तांबडे दिसले की ते झाडावर पुरेसे राहिले आहे आणि आत गोडी भरत आली आहे, असे समजायला हरकत नव्हती.

नव्या उपजातींमध्ये मात्र फळ आतून कच्चे असतानाच साल लाल होऊ लागली. खूण राहिली, पण ती ज्याची खूण होती ते तिच्यापासून सुटले. जणू प्रगतिपुस्तकात परीक्षेच्या आधीच गुण भरून ठेवावेत! आता लाल फळ लवकर तोडता येऊ लागले, लवकर बाजारात नेता येऊ लागले. शेतकऱ्याने लाल फांदी निवडली, कारण व्यापारी लाल फळाला जास्त भाव देई. व्यापारी भाव देई, कारण दुकानदार तेच मागे. दुकानदार मागे, कारण गिऱ्हाईक तेच उचली. या साऱ्या साखळीत फळ चाखून निवडणारे कोणीच उरले नाही.

मनुष्य निवड करतो आणि त्याप्रमाणे जाती बदलतात, याला कृत्रिम निवड म्हणतात. तिचा नियम कठोर आहे. ज्या गुणासाठी निवड कराल तो गुण वाढेल. ज्याच्याकडे दुर्लक्ष कराल तो टिकेल याची हमी नाही. अमेरिकेत नेमके हेच घडले. १९८०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदांपैकी सुमारे तीन चतुर्थांश सफरचंदे रेड डेलिशियस होती. फळे शोभिवंत होती, साल जाड होती, पण लोक हळूहळू कंटाळले. ते गाला, फुजी अशा दुसऱ्या जातींकडे वळले. बागाइतदार इतके अडचणीत आले की २००० साली अमेरिकन संसदेला त्यांच्यासाठी मदत मंजूर करावी लागली. अखेर २०१८ साली गालाने रेड डेलिशियसचे पहिले स्थान हिरावून घेतले.

आणि एक मौज पाहा. ज्या फुजीने डेलिशियसला मागे सारायला हातभार लावला, ते जपानमध्ये तयार झालेले सफरचंद डेलिशियसचेच अपत्य आहे! डेलिशियस आणि ‘रॉल्स जेनेट’ या दोन अमेरिकन जातींच्या संकरातून ते निघाले आणि १९६२ साली बाजारात आले. म्हणजे डेलिशियसच्या वंशात गोडी होतीच. ती राखणे न राखणे माणसाच्या हाती होते.

कोटगढला आलेली कलमे

आता आपण भारतात येऊ. आपल्याकडे डेलिशियस कोणी आणले?

इंग्रजांनी हिमालयात सफरचंदे आधीच लावली होती. १८७० च्या सुमारास कॅप्टन ली या अधिकाऱ्याने कुलू खोऱ्यात बाग केली होती. पण त्या विलायती जाती बऱ्याचशा आंबट होत्या आणि आपल्या लोकांच्या जिभेला त्या फारशा रुचल्या नाहीत.

१९०४ साली सॅम्युअल स्टोक्स नावाचा अमेरिकन तरुण कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी भारतात आला. पुढे तो शिमल्याच्या पलीकडे कोटगढ भागात स्थायिक झाला, तिथल्याच मुलीशी त्याने विवाह केला आणि तो पुरता इथला झाला. डोंगरातल्या शेतकऱ्यांची गरिबी पाहून त्यांना पैसा देणारे पीक कोणते, याचा त्याने शोध घेतला. १९१६ साली त्याने स्टार्क यांच्या रोपवाटिकेतून डेलिशियसची कलमे मागवून आपल्या शेतात लावली. हे फळ गोड होते; ते लोकांना आवडले. स्टोक्स यांनी शेजारच्या शेतकऱ्यांनाही ही लागवड शिकवली. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी १९२१ साली तुरुंगवास भोगला, १९३२ साली हिंदू धर्म स्वीकारून ते सत्यानंद स्टोक्स झाले आणि १९४६ साली वारले. त्यांनी लावलेल्या झाडांपासून सुरू झालेली लागवड आज हिमाचलातल्या असंख्य कुटुंबांचे पोट भरते.

तिथे आता ‘रॉयल डेलिशियस’ आणि तिच्या भावंडांच्या बागा आहेत. काश्मीरमध्ये ‘अंबरी’ हे सुवासिक देशी सफरचंद पूर्वापार होते; तिथेही डेलिशियसने मुख्य जागा पटकावली. तिथल्या शास्त्रज्ञांनी या दोघांचा संकर करून ‘लाल अंबरी’ ही जात तयार केली.

पण एकाच झाडाच्या फांद्यांवर साऱ्या डोंगराचा संसार उभा करण्यात धोका असतो. एका झाडाला जो रोग बाधतो तो सर्वांना बाधतो. १९७३ साली काश्मीरमध्ये आणि १९८२-८३ मध्ये हिमाचलात ‘स्कॅब’ या बुरशीच्या रोगाने बागांचे मोठे नुकसान केले, ते याच कारणाने इतके पसरले. दुसरा धोका हवामानाचा. डेलिशियसच्या झाडाला हिवाळ्यात सात अंशांच्या खाली सुमारे हजार तास थंडी मिळावी लागते, तेव्हाच वसंतात डोळे नीट फुटतात. हिवाळे उबदार होऊ लागल्यामुळे कुलू खोऱ्याच्या सखल भागात सफरचंद मागे हटले आणि काही ठिकाणी त्याची जागा डाळिंबाने घेतली. महाराष्ट्रातही अलीकडे काही शेतकरी सफरचंद लावतात, पण ते कमी थंडीवर भागणारे वाण असते. ते डेलिशियस नव्हे.

फोडीच्या आत काय आहे?

चला, आता फळ कापू या. नेहमीसारखे देठापासून बुडाकडे नको, आडवे कापा. मधोमध पाच पाकळ्यांची चांदणी दिसेल. हे अंडाशयाचे पाच कप्पे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे खरे फळ तेवढेच. जे आपण चवीने खातो तो गर म्हणजे फुलाच्या तळाचा फुगलेला भाग. म्हणून सफरचंदाला आभासी फळ म्हणतात. प्रत्येक कप्प्यात साधारणतः दोन बिया असतात.

फळ वाढत असते तेव्हा गरात पिष्ट, म्हणजे स्टार्च, साठत जाते. पिकताना त्याची साखर होते. पिकलेल्या सफरचंदात दर शंभर ग्रॅमला सुमारे दहा ग्रॅम साखर असते आणि तिच्यातला मोठा वाटा फलशर्करेचा असतो. ही फलशर्करा आपल्या नेहमीच्या साखरेपेक्षा जास्त गोड. शिवाय डेलिशियसमध्ये मॅलिक आम्ल कमी असते, त्यामुळे आंबटपणा गोडीच्या आड येत नाही.

पण केवळ गोडी म्हणजे स्वाद नव्हे. सफरचंदाचा सुवास ईस्टर वर्गातल्या उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो. ती फळ पिकतानाच तयार होतात, आणि बरीचशी सालीत. कच्चे तोडलेले फळ घरी मऊ पडेल, थोडे गोडही होईल, पण झाडावर पक्व झालेल्या फळाचा सुवास त्याला पुरता येत नाही.

आणि पिठूळपणा? ताज्या फळातल्या पेशी रसाने टम्म फुगलेल्या असतात आणि पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. चावा घेतला की पेशी फुटतात, रस उडतो, ‘कर्र’ असा आवाज होतो. फळ शिळे होऊ लागले की पेक्टिन विरघळते. मग चावा घेतल्यावर पेशी फुटतच नाहीत. त्या नुसत्या एकमेकींपासून सुट्या होतात. रस पेशीतच राहतो आणि जिभेला लागते ते कोरडे पीठ! फळात रस असूनही ते कोरडे लागते, हे केवढे नवल!

निवडावे कसे, खावे कसे?

आता आपण गाडीजवळ परत जाऊ. लाल रंगाने फसायचे नाही, मग पाहायचे काय?

देठाजवळच्या खळगीत पाहा. तिथे लाली विरळ असते, त्यामुळे सालीचा मूळ रंग दिसतो. तो हिरवा असेल तर फळ लवकर तोडलेले आहे. साईसारखा पिवळसर असेल तर ते नीट पिकलेले आहे. फार पिवळा आणि साल तेलकट लागत असेल तर फळ उतरणीला लागले आहे. फळ हातात घेतल्यावर टणक आणि जड लागले पाहिजे. साल सुरकुतलेली नको. बुडाशी नाक नेले तर गोड वास यावा. पट्टेदार फळ दिसले तर त्याला नाके मुरडू नका. मूळचे हॉकआयही पट्टेदारच होते.

हंगामही पाहा. हिमाचलचा माल पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि काश्मीरचा दसरा-दिवाळीच्या सुमारास ताजा मिळतो. होळीनंतर मिळणारी देशी डेलिशियस बहुधा शीतगृहातली असतात. चांगल्या शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास तापमान ठेवतात आणि हवेतला ऑक्सिजनही कमी करतात, म्हणजे फळाचे श्वसन मंदावते. तिथे ते महिनोन्‌महिने टिकते, पण बाहेर आल्यावर लवकर पिठूळ होते. म्हणून अशी फळे थोडी-थोडीच आणावीत.

घरी आणल्यावर सफरचंदे टोपलीत शोभेसाठी मांडू नका. फ्रिजमध्ये ठेवा, तीही पिशवीत आणि भाज्यांपासून दूर. पिकणारे सफरचंद एथिलीन नावाचा वायू सोडते. त्याने पालेभाज्या पिवळ्या पडतात आणि गाजरे कडवट होतात.

फळाच्या सालीवर स्वतःचे नैसर्गिक मेण असतेच. धुताना ते थोडे जाते, म्हणून काही ठिकाणी वरून लाखेचा किंवा मेणाचा पातळ लेप देतात. कोमट पाण्याने नीट चोळून धुवा, पण साल काढू नका. सुवास तिच्यात आणि तंतूही तिच्यात.

फलशर्करेची एक खोड आहे, ती थंड असताना अधिक गोड लागते. उलट सुवास दरवळायला थोडी ऊब लागते. दोन्ही साधायचे तर फळ फ्रिजमधून काढून दहा मिनिटे बाहेर ठेवा आणि मग ऐन खाण्याच्या वेळी कापा. डेलिशियसमध्ये आंबटपणा कमी, म्हणून त्याला आंबट-खारट सोबत शोभते. लिंबाचे चार थेंब आणि चिमूटभर काळे मीठ घालून पाहा. दही, डाळिंबाचे दाणे आणि भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट घालून कोशिंबीर करा. शिजवण्यासाठी मात्र हे सफरचंद घेऊ नका. त्याच्या फोडी आकार न धरता लगदा होतात. बिया चावू नका. त्यांत अमिग्डॅलिन असते आणि बी चावल्यावर त्यातून सायनाइड सुटते. चुकून एखादी गिळली गेली तर भिण्याचे कारण नाही, पण मुद्दाम खायची ती वस्तू नव्हे.

करून पाहा

१. सफरचंद आडवे कापून बिया मोजा. ज्या बाजूच्या कप्प्यात बिया धरल्या नाहीत, त्या बाजूला फळ खुरटले आहे का, ते पाहा. वेडेवाकडे फळ म्हणजे मधमाशीचे अपुरे राहिलेले काम.

२. दोन-तीन वेगवेगळ्या सफरचंदांच्या आडव्या चकत्या करा. त्यांवर शाळेच्या प्रयोगशाळेतले सौम्य आयोडीन द्रावण शिक्षकांच्या देखरेखीखाली लावा. जिथे पिष्ट उरले असेल तिथे चकती निळी-काळी होईल. बागाइतदार तोडणीची वेळ याच परीक्षेने ठरवतात. गडद लाल सालीचे फळ आतून जास्त निळे झाले, तर त्याचा अर्थ काय? या चकत्या खाऊ नका.

३. एका फळाच्या तीन फोडी घ्या. एक तशीच ठेवा, दुसरीला लिंबाचा रस लावा, तिसरी मिठाच्या पाण्यात बुडवून काढा. अर्ध्या तासाने रंग पाहा. पेशीतली एंझाइमे हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फोड तपकिरी करतात. आम्लाने आणि मिठाने त्यांचे काम मंदावते.

४. शेवटचा प्रयोग वर्गाने मिळून करा. तीन जातींची सफरचंदे आणा. आधी मुलांनी नुसते पाहून आपली आवड कागदावर लिहावी. मग डोळे बांधून प्रत्येकी एक-एक फोड खावी आणि पुन्हा आवड लिहावी. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी-शेजारी मांडा आणि त्या किती जुळतात ते पाहा.

या चौथ्या प्रयोगाचे उत्तर इथे देत नाही. ते तुमच्या वर्गातूनच मिळू द्या. मात्र याद्या जुळल्या नाहीत, तर डेलिशियसला शंभर वर्षांत काय झाले, ते तुम्हाला फळ्यावरच दिसेल. जेसी हायटने आणि क्लॅरेन्स स्टार्क यांनी हे फळ चाखून निवडले. त्यानंतरच्या लोकांनी ते नुसते पाहून निवडले. बाजारात तुम्ही उचललेले प्रत्येक फळ हेही एक मतच असते, आणि कोटगढचा किंवा शोपियानचा शेतकरी पुढच्या वर्षी कोणते कलम बांधायचे, ते अशाच हजारो मतांवरून ठरवतो.

तेव्हा पुढच्या वेळी गाडीवर दोन ढीग दिसले, तर लगेच लाल ढिगाकडे हात नेऊ नका. एक फळ उचला, देठाजवळची खळगी पाहा, बुडाचा वास घ्या, आणि मग ठरवा.